आजच्यापुरतं शहाणपण

साऱ्या भंडारा जिल्ह्यात शहाणपणासाठी माझ्या मावशीइतकी वणवण दुसऱ्या कोणी केली असेल असं मला वाटत नाही. लोक देवाजवळ काय काय मागतात. पोराला नोकरी, पोरीला स्थळ, गुडघ्यांना बळ, धानाला पाणी. मावशीनं यातलं काही मागितल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. तिची मागणी एकच, आणि तीही बेताची. "बापा, आजच्यापुरतं शहाणपण दे." दुधाचा रतीब लावावा तशी ती हे रोज सकाळी चहाच्या आधी मागते आणि झोपेपर्यंत वापरून संपवते. उद्याचं आज मागायचं नाही आणि कालचं आज वापरायचं नाही, हा तिचा कायदा. "शहाणपण शिळं होते, बाबू," ती मला सांगते. "भातासारखं नाही ते, का सकाळचं उरलं अन् संध्याकाळी फोडणी देऊन खाल्लं."

ही माझ्या आईची थोरली बहीण. सरकारी नर्स होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मावसाजी गेल्यावर सानगडीला दोन खोल्यांत एकटीच राहते. मी साकोलीला शाळामास्तर. आमचं चर्च साकोलीत, म्हणून दर रविवारी सकाळी मोटरसायकलवर तिला घेऊन यायचं आणि उपासना आटोपली की परत नेऊन सोडायचं, हे काम माझ्याकडे. त्या भागातली चाळिशीतली निम्मी माणसं तिच्या हातांवर या जगात आली, आणि ती कितीही मोठी झाली तरी मावशी त्यांच्याशी त्याच ओळखीवर बोलते. एकदा सरपंच तिला घरकुलाची कसलीशी योजना समजावून सांगत होते. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू थांब जरासा. तू पायाळू होता. तेव्हापासून तुही घाई मले माहीत आहे." सरपंचांनी योजना गुंडाळून खिशात ठेवली.

आता अशा बाईकडे लोक सल्ला विचारायला येणारच. पण शिळं वापरायचं नाही या कायद्यामुळे सल्ला घेणाऱ्याची पंचाईत होते. मावशीच्या शेजारी कापडाचा धंदा करणारं एक जुनं कोष्टी कुटुंब आहे. त्यांच्या मुलीला शिकायला नागपूरला पाठवावं की नाही, हे विचारायला तिचे वडील सोमवारी आले. मावशी म्हणाली, नका पाठवू. ते गुरुवारी पुन्हा आले, तर म्हणाली, पाठवा. बिचारे चिडले. "बाई, सोमवारी तर तुम्ही नाही म्हटलं होतं!" मावशी म्हणाली, "सोमवारी सोमवारचं होतं, भाऊ." मीही तिथे होतो आणि मलाही हे जरा अतीच वाटलं. ते गेल्यावर मी तिला टोकलं, तर म्हणते कशी, "सोमवारी तो भिऊन विचारून राहिला होता. भेलेल्या बापाची पोरगी नागपूरले काय शिकन? रोज फोन करून रडवन तो तिले. आज तो पोरीचं ऐकून आला होता. माणूस बदलला, मंग उत्तर बदलाले नोको?" मुलगी गेली, शिकतेय, बाप महिन्यातून एकदाच फोन करतो. मी तेव्हापासून या विषयावर बोलायचं सोडून दिलं.

मात्र खरी गंमत पुढेच आहे. एवढ्या लोकांना सल्ला देणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत स्वतःचं शहाणपण तिळमात्र मानत नाही. ते देव देतो, यावर तिचा पक्का विश्वास आहे. पण तो ते कोणाच्या तोंडून पाठवेल याचा काही नेम नाही, असंही तिचं म्हणणं आहे. "बायबलात नाही का, त्यानं एका वेळेस गाढवीच्या तोंडून सांगतलं होतं," ती म्हणते. "तिच्यावर बसलेला शहाणा माणूस तिले काठीनं मारून राहिला होता अन् समोरचा देवदूत तिलेच दिसत होता. मंग आपण कोणाले कमी समजाव कायले? विचारून घ्यावं." आणि ती विचारून घेते. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूस, लाइटचं मीटर वाचणारा, दारावर येणारी बोहारीण, कोणी सुटत नाही. पाणी देते, बसवते आणि विचारते. माझी बायको म्हणते, मावशींना बाजारात पाठवू नका, पिशवी रिकामी येते आणि साऱ्या बाजाराची मतं तेवढी घरी येतात.

तिचे प्रश्न तसे रोज वेगळे असतात. कुत्र्याला खायला घातलं तर तो शेजाऱ्याच्या कोंबड्यांमागे लागतो, मग घालावं की नाही. चर्चच्या मंडळीतली अमकी खोटं बोलते हे आपल्याला कळलंय, हे तिला कळू द्यावं की नाही. हे असले प्रश्न त्या दिवशी सुटतात आणि मावशी त्यांना विसरून जाते. पण एक प्रश्न मात्र मी लहान होतो तेव्हापासून ऐकत आलो आहे. तो कधी सुटला नाही आणि तिनं तो कधी सोडला नाही. "आपल्या हातून कोणाचं नुकसान झालं," ती विचारते, "अन् आपल्यामुळं झालं हे त्याले माहीतच नाही. तर सांगावं, का गप राहावं?" नुकसान कोणाचं, कसलं, हे ती कधी सांगत नसे. विचारणाऱ्यानं फार खोदलं तर म्हणे, "तू उत्तर दे ना, पत्ता कायले पाह्यजे?" आम्हा घरच्यांना वाटायचं की हा तिचा छंद आहे, कोणाला शब्दकोडी सोडवायचा असतो तसा. हसून सोडून द्यायचो आम्ही. आज त्या हसण्याची लाज वाटते.

एकदा लाखांदूरच्या एस.टी.त तिनं हा प्रश्न कंडक्टरला विचारला. मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतो, म्हणजे ही आपली कोणी नाही असं लोकांना वाटावं. कंडक्टर भला माणूस निघाला. हातातलं यंत्र खाली करून त्यानं विचार केला आणि म्हणाला, "बाई, चुकीचं तिकीट फाटलं तर मी तिथल्या तिथं सांगतो. दोन टप्पे गेल्यावर सांगतलं तर पॅसेंजर भांडते. अन् नाही सांगतलं तर मलेच चैन पडत नाही." झालं, सारी गाडी या चर्चेत उतरली. एक म्हातारबुवा म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडता? एक कॉलेजची मुलगी म्हणाली, सांगायलाच पाहिजे, मला कोणी नाही सांगितलं तर मी आयुष्यभर माफ करणार नाही. मागच्या बाकावर मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली एक बाई होती, ती सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाली, "आपल्या मनावरचं ओझं हलकं कराले ते दुसऱ्याच्या डोक्यावर कायले ठेवता वं माय? ज्यानं केलं त्यानंच वाहावं." या गडबडीत दोघांचा थांबा मागे गेला आणि ते कंडक्टरशी भांडू लागले, पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मान वळवून त्या कोंबडीवालीकडे बघत होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. पोटात बरं नाही म्हणाली.

चर्चमध्येही तिनं हेच केलं. आमच्या उपासनेत साक्षीसाठी थोडा वेळ ठेवलेला असतो. देवानं आपल्या जीवनात काय केलं ते कोणी उभं राहून सांगतं. आजारातून उठलो, परीक्षेत पास झालो, अपघातातून वाचलो, असं. मावशी उभी राहिली की सगळे सावरून बसतात, कारण ती साक्ष सांगतच नाही, प्रश्न विचारते. पाळकसाहेब तेव्हा नवीनच आलेले होते, तरुण, नागपूरकडचे. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी उपासनेनंतर तिला बाजूला घेतलं आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "मावशी, जे काही असेल ते तुम्ही देवाजवळ कबूल करा. तो क्षमा करतो. मग मनात ठेवायचं नाही." मावशी म्हणाली, "साहेब, त्याले तर पहिलेच माहीत आहे. त्याच्याजवळ सांगाले काय हिंमत लागते? अन् त्यानं माफही केलं असन. पण नुकसान त्याचं कुठी झालं?" पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आपण यासाठी एकत्र प्रार्थना करू, म्हणाले. त्यांनी खरोखर केलीही, दर रविवारी, नाव न घेता, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

माझी आई मात्र कधीमधी एक वेगळंच सांगायची. "पहिले अशी नव्हती ही," ती म्हणायची. "नोकरीच्या सुरुवातीले कोणाले विचारत होती का? बंद्या तालुक्यात एकटी शहाणी होती ते." यापुढे आईलाही काही माहीत नव्हतं. नुसतं म्हणायची, एका वर्षी मधेच बदलली.

मागच्या कार्तिकातली गोष्ट. धान कापून झालं होतं, रस्त्याच्या कडेनं पोती रचलेली होती, आणि मी रविवारी दुपारी मावशीला घेऊन सानगडीला चाललो होतो. माझं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. शाळेतून निवडणुकीची कामं मागे लागलेली, घरी पाहुणे येऊन बसलेले, आणि मावशी मागे बसून माझ्या कानात तोच प्रश्न घालत होती. "तूच सांग बाबू, तू शिकवणारा माणूस. सांगावं का गप राहावं?" मी तोपर्यंत तिला कधी तोडून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "मावशी, आता बंद्या जिल्ह्याले विचारून झालं तुहं! ज्याचं नुकसान झालं, त्यालेच एकदा विचारून पाह्य ना! का बाप्पा, तुले ऐकाचं आहे का नाही? आमचं डोकं कायले खाऊन राहिली?"

मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी थांबव."

मी थांबवली. वाटलं, रागावली, आता चालत जाईन म्हणेल. रस्त्याच्या कडेला मोहाचं झाड होतं, ती त्याच्या सावलीत दगडावर जाऊन बसली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आलं. चौतीस वर्षं मागून राहिली होती. आलं, तेही शेवटी गाढवाच्याच तोंडून." हे ती हसत म्हणाली. मी गाडीचं स्टँड लावलं आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.

मग तिनं सांगितलं. चौतीस वर्षांपूर्वी ती तिथून आतल्या अंगाला एका गावात आरोग्य उपकेंद्रावर होती. तिच्या अंदाजाची साऱ्या तालुक्यात ख्याती होती. पोटावर हात ठेवून ती वेळ सांगायची आणि मूल तिची वेळ पाळायचं. त्या गावात सुगंधा नावाची एकोणीस वर्षांची सून होती, पहिलंच बाळंतपण. दुपारी बोलावणं आलं, मावशी गेली, हात ठेवला. "हाताले काहीतरी वेगळं लागलं, बाबू. ठोके ऐकले, ते बी मनाले पटले नाही. थांब म्हणून आतून कोणीतरी सांगत होतं. थांबाले पाह्यजे होतं, नाहीतर तिले मोठ्या दवाखान्यात घेऊन जाले पाह्यजे होतं." पण त्याच दुपारी तालुक्याला तिचा सत्कार होता. सर्वात जास्त बाळंतपणं सुखरूप करणारी नर्स म्हणून. नवी साडी नेसून ती तयार होती आणि बस दारावरून जाणार होती. तिनं घरच्यांना सांगितलं, अजून पुष्कळ वेळ आहे, तालुक्याला सरकारी काम आहे, मी दिवस मावळायच्या आत येते. आणि ती गेली.

ती परत आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. गावच्या दाईनं आपल्या परीनं केलं, पण नाळेचा वेढा बाळाच्या मानेला बसला होता. सुगंधा तापानं ग्लानीत होती. अंधार पडायच्या आत पुरायचं म्हणून पुरुष मंडळी अंगणात खोळंबली होती. मावशीनं बाळाला अंघोळ घातली, सत्कारात मिळालेली शाल तिच्या पिशवीत होती, त्या शालीत त्याला गुंडाळलं आणि आजोबांच्या हातात दिलं. "कोणी एक शब्द बोललं नाही मले," ती म्हणाली. "उलट म्हातारा म्हणे, सरकारी काम होतं, बाईचा काय दोष? अन् मी गप राहिली. त्या वेळेस तेच सोपं होतं. त्या दिवशी माह्याजवळ लय शहाणपण होतं ना. त्याच्यानंतर मी कधी म्हटलं नाही का माह्याजवळ आहे म्हणून. रोज मागून घेते."

तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. ती प्याली आणि उठली. "चाल."

"घरी?"

"त्या गावी. आज आलं आहे, आजच वापराले लागते. उद्या माही हिंमत राहणार नाही."

गाव फार लांब नव्हतं. सुगंधाबाईंचं घर मावशीला कोणाला विचारावं लागलं नाही. दारात धानाची पोती होती, अंगणात सून कपडे वाळत घालत होती आणि ओसरीवर पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, मावशीला क्षणभर निरखलं आणि म्हणाल्या, "जय भीम, बाई. या." जणू काही मावशी येणारच होती. मावशी आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम" म्हणाली आणि त्यांच्यासमोर खाली चटईवर बसली. मी दाराशी उभा राहिलो. सुनेनं मला खुर्ची दिली, पण मला त्या वेळी खुर्चीत बसवेना.

मावशीनं मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. काही सजवलं नाही, काही गाळलं नाही. "मले शंका आली होती, सुगंधा. हात ठेवला तेव्हाच आली होती. सरकारी काम गिम काही नव्हतं. शाल घ्याले गेली होती मी." सुगंधाबाईंचे हात सुपात चालूच होते. खडा काढायचा, बाजूला टाकायचा. मावशीचं संपलं तरी चालू होते. मग त्या म्हणाल्या, "सत्काराचं मले माहीत होतं, बाई. तुमची साडी नवी होती. नवी साडी नेसून कोणी बाळंतपण कराले येते का?"

मावशीची मान खाली गेली.

"राग आला होता," सुगंधाबाई म्हणाल्या. "लय आला होता. मंग दोन पोरं झाले, त्याईचे लग्नं झाले, नातू झाला. किती दिवस ठेवते माणूस? पण तुम्ही पुन्हा आल्या नाही. दुसऱ्या वेळेस दुसरी नर्स पाठवली. मी बाजारात दिसली तर तुम्ही सायकल वळवून घेत होत्या. मले वाटे, बाईले माह्याच अंगात काही दोष दिसला असन, म्हणून टाळते. सासू बी तेच म्हणे. मरेपर्यंत म्हणे." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "आता आल्याच आहात तर खरं सांगा. दोष माहा होता का?"

कुत्र्याला भाकर घालावी की नाही हेही दहा जणांना विचारणारी माझी मावशी. तिनं श्वाससुद्धा घेतला नाही. "नाही," ती म्हणाली. "तुहा काहीच दोष नव्हता. तू धडधाकट होती. दोष माहा होता."

सुगंधाबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. पाणी वाहू दिलं. मावशीही रडत होती आणि मीही, खोटं कशाला बोलू? सून दारात येऊन उभी राहिली होती, तिला काही कळत नव्हतं. सासूनं तिला हातानंच आत जायला सांगितलं. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर आला आणि गेला. मला वाटलं, सांगून झालं, आता निघावं, आणि मी मावशीला खूण करणार एवढ्यात सुगंधाबाई सरकून तिच्या अगदी जवळ येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात बोलू लागल्या.

"बाई, त्याले अंघोळ तुम्ही घातली होती ना?"

"हो."

"मले कोणी दाखवलंच नाही. मी शुद्धीवर आली तं घरात काहीच नव्हतं. सासूले विचारलं, ते म्हणे विसरून जा, काय पाहासारखं होतं त्याच्यात. मालकाले विचारलं, ते उठून बाहेर जात. दाई मरून गेली, सासू गेली, मालक गेले." त्या थांबल्या. "कसा होता?"

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. चौतीस वर्षं ती ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती त्यात हे कुठेच नव्हतं. सांगितल्यानं या बाईवर ओझं पडेल की काय, याचीच तिनं काळजी केली होती. या बाईची एक वस्तू आपल्याजवळ आहे आणि ती दुसऱ्या कोणाजवळच नाही, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"केस लय होते," मावशी म्हणाली. "काळेभोर. ओले झाल्यावर कपाळावर आले होते, मी बोटानं मागं केले. नाक तुह्या सासऱ्यासारखं. पाय लांब होते, पायाचे बोटं बी लांब. उंच झाला असता. डाव्या कानाची पाळी अशी जराशी दुमडली होती, कागदाचा कोपरा दुमडते तशी. मी सरळ करून पाहिली, ते पुन्हा दुमडली."

सुगंधाबाईंनी हळूच डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आपल्या डाव्या कानाला हात लावला. तीही पाळी दुमडलेली होती.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या.

मी बाहेर गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. दारातून दोघी दिसत होत्या. सांगण्यासारखं मावशीजवळ फार नसणार. घटकाभराच्या ओळखीत असं कितीसं बघून होतं? पण जेवढं होतं तेवढं ती सावकाश, हातांनी दाखवून सांगत होती, आणि त्यातलं काहीही ती विसरलेली नव्हती.